एकवीस मुलांची शाळा आणि आम्ही



२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात आम्हाला कुर्डुवाडीजवळच्या एका खेड्यात आठवडाभर राहण्याची संधी मिळाली. आम्ही म्हणजे तिघे. रेल्वेतून निवृत्त झालेले आणि आमच्या विहाराची सारी व्यवस्था पाहणारे आबा, महिला मंडळाच्या ताई आणि तिसरा एका कचेरीतला कारकून, ज्याच्याकडे हे लिहिण्याचे काम आले. विहारातर्फे आम्ही दीडशे पुस्तके जमवली होती. २६ नोव्हेंबरला भारतीय संविधान स्वीकारल्याला ७५ वर्षे पूर्ण होत होती. त्या दिवशी आबांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला पुस्तके द्यायची, दोन शब्द बोलायचे आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला परतायचे, असा आमचा मूळ बेत.

आबांनी तसा फोन केला. पलीकडून मुख्याध्यापक गुरुजी म्हणाले, "एक दिवस येऊन हार घालून जाणारे पुष्कळ येतात. या आठवड्यात आमच्याकडे रोज काही ना काही आहे. यायचेच तर आठवडाभर या. शाळा कशी चालते ते बघा तरी."

बोलणे जरा झोंबले. पण खरे होते. कारकुनाने कचेरीत रजेचा अर्ज दिला, ताईंनी घरची व्यवस्था सुनेवर सोपवली आणि रविवारी, २४ तारखेला, पुस्तकांची तीन खोकी घेऊन आम्ही गाडीत बसलो.

रुळांवर वाढलेले गाव

दौंड मागे पडले, भिगवणच्या बाजूला उजनीच्या धरणाचे पाणी दिसले आणि पुढे जेऊर, कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले केम अशी स्टेशने मागे टाकत गाडी कुर्डुवाडीला आली. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातले हे गाव. तालुक्याचे ठिकाण माढा असले तरी बाजार, वर्दळ आणि नाव कुर्डुवाडीचे मोठे. कारण एकच, रेल्वे.

आबा फलाटावर उतरले आणि काही वेळ बोललेच नाहीत. त्यांची सारी नोकरी इथे गेली. इथूनच बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी निघत असे. १८९७ साली ती इथून बार्शीपर्यंत सुरू झाली, तेव्हा या स्टेशनाचे नावही बार्शी रोड असे होते. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. अडीच फूट रुंदीचे रूळ, लहान डबे आणि गाडीची चाल अशी की, आबांच्या शब्दांत, "उतरून लघवीला जाऊन परत धरावी." त्या गाडीच्या दुरुस्तीचा कारखाना कुर्डुवाडीत होता. आबा तिथे खलाशी म्हणून लागले. या शतकाच्या पहिल्या दशकात रूळ रुंद झाले आणि छोटी गाडी गेली.

"त्या कारखान्यानं आमच्या किती घरांना भाकरी दिली," आबा म्हणाले. "हजेरी घेताना तिथं जात इचारत नव्हते. पण हजेरीला उभं राहायला चौथी पास लागायचं. ती चौथी मला ज्या शाळेनं दिली, ती तुम्हाला उद्या दाखवतो."

या भागाचे आपल्या चळवळीशी जुने नाते आहे. छोटी गाडी जिथे जात असे त्या बार्शीला १९२४ साली परमपूज्य बाबासाहेबांच्या उपस्थितीत बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती. त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि पुढच्याच जानेवारीत, म्हणजे १९२५ साली, सभेने सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. संस्था जन्मली आणि पहिल्या सहा महिन्यांत तिने मुलांची राहण्याजेवणाची सोय केली! बाबासाहेबांच्या लेखी आधी काय होते, ते यावरून कळावे.

स्टेशनाबाहेर वडापची जीप मिळाली. रस्त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना ज्वारीची हिरवी शेते, मध्येच केळीच्या बागा. दिवस मावळताना आम्ही गावात पोहोचलो. आबांच्या भावकीतल्या घरी, बौद्धवाड्यात, उतरलो. बाजरीची भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. समाजमंदिरात त्रिशरण-पंचशील झाले आणि आम्ही झोपलो.

सोमवार: पटावर एकवीस

सकाळी साडेआठला वेशीवर एक पिवळी व्हॅन येऊन उभी राहिली. टाय लावलेली सतराअठरा मुले तीत चढली आणि व्हॅन कुर्डुवाडीच्या दिशेने गेली. इंग्रजी शाळेची व्हॅन. ती गेल्यावर रस्त्यावर जी मुले उरली, ती आमच्या बरोबर चालत शाळेत आली.

शाळा म्हणजे दोन खोल्या, एक पडवी, पुढे लिंबाची तीन झाडे आणि पाण्याची टाकी. विधानसभेचे मतदान २० तारखेला याच शाळेत झाले होते. त्याचे बाण आणि आकडे अजून भिंतीवर होते. मोठी मुले ओल्या फडक्याने ते पुसत होती. वर्ग पहिली ते चौथी, शिक्षक दोन. एक पन्नाशीचे गुरुजी आणि एक तरुण बाई. चार वर्ग दोघांत, म्हणजे एकाच खोलीत पहिली मुळाक्षरे गिरवते आणि दुसरी वजाबाकी करते.

गुरुजींनी हजेरीपट दाखवला. पटावर एकवीस. त्यांतली तेरा आमच्या बौद्धवाड्यातली, तीन मातंग समाजाची, तीन धनगर वस्तीवरची, दोन इतर. गावाची लोकसंख्या पाहिली तर इथे साठसत्तर मुले हवीत. ती कुठे गेली ते व्हॅनने सकाळीच सांगितले होते.

याखेरीज चार मुले भिंतीला टेकून बसली होती. ती बीड जिल्ह्यातून आलेल्या ऊसतोड कामगारांची. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आईबाप कोयते घेऊन येतात, फडाजवळ कोप्या घालतात आणि मुलांची शाळा सुटते. गावच्या शाळेचे शिक्षण हमी पत्रक बरोबर असले तर मुलांना इथल्या शाळेत बसता येते. या चौघांपैकी दोघांकडे ते होते. "उरलेल्या दोघांचं काय?" ताईंनी विचारले. गुरुजी म्हणाले, "पोर दारात आल्यावर कागद नंतर बघायचा."

दुपारी खिचडी झाली. शिजवणाऱ्या भगिनी आपल्याच समाजाच्या. सगळी पंचवीस मुले एका रांगेत बसली. आबा त्या रांगेकडे पाहत राहिले. १९५८ साली ते याच शाळेत आले तेव्हा त्यांची जागा दारातल्या पायरीजवळ होती आणि पाणी प्यायला ओंजळ धरावी लागे. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसून जे सोसले, तेच इथे चालू होते. आता आबांच्याच पुतणीने रांधलेले अन्न सारा गाव खातो. पण त्या रांगेत अर्धा गाव नाहीच, हेही तितकेच खरे. तो पिवळ्या व्हॅनमधून निघून गेला आहे.

मंगळवार: आम्ही भारताचे लोक

२६ तारखेला सकाळी प्रभातफेरी निघाली. पुढे दोन मुली संविधानाची प्रत घेऊन, मागे घोषणा देणारी मुले. फेरी बौद्धवाड्यातून निघून पाटीलवाड्यावरून, मारुतीच्या पारावरून फिरून शाळेत आली. पारावरच्या एका म्हाताऱ्याने उठून टोपी काढली. आम्हाला बरे वाटले.

शाळेत उद्देशिकेचे वाचन झाले. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला उद्देशिका छापलेली असते, त्यामुळे मुलांना ती पाठ. पण बाईंनी नुसते पाठ म्हणून घेतले नाही. पहिल्याच शब्दाशी थांबून त्यांनी विचारले, "'आम्ही' म्हणजे कोण कोण?" मुले एकमेकांची नावे घेऊ लागली. कोणी आजीचे नाव घेतले, कोणी खिचडीवाल्या मावशीचे, कोणी व्हॅनमधून जाणाऱ्या मित्राचे. मग एका मुलाने भिंतीजवळच्या चौघांकडे बोट दाखवले, "ही पण." त्या चौघांतली थोरली मुलगी आठवड्यात पहिल्यांदा हसली.

आम्हाला बोलायला सांगितले. आम्ही मुलांपेक्षा पालकांसाठी बोललो. संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदात लिहिले होते की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. म्हणजे १९६० पर्यंत. प्रत्यक्षात शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दहा वर्षांच्या कामाला साठ वर्षे लागली. या कायद्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी. ही दोन खोल्यांची शाळा कोणाची मेहेरबानी नाही, तो आपल्या मुलांचा हक्क आहे, असे आम्ही सांगितले. टाळ्या झाल्या. पुस्तकांची खोकी उघडली. आम्हाला वाटले, आपले काम झाले. ते झाले नव्हते, हे शुक्रवारी कळले.

बुधवार आणि गुरुवार

बुधवारी शाळा आरोग्य तपासणीचे पथक आले. वजन, उंची, दात, डोळे. ऊसतोड कामगारांच्या दोन मुलींच्या पापण्या आतून पांढऱ्या फटक निघाल्या. डॉक्टरीण बाईंनी गोळ्या दिल्या आणि आईला बोलावून घ्यायला सांगितले. आई अंधारात फडावर जाते आणि अंधारातच येते. शेवटी ताई स्वतः संध्याकाळी कोपीवर गेल्या आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगून आल्या.

त्या दिवशी जेवणात उकडलेले अंडे होते. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे, असे शासनाने ठरवले होते. मुले अंडे शेवटी खायला राखून ठेवत होती. पुढे जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा निधी बंद केला, हे वाचले तेव्हा आम्हाला ती राखून ठेवलेली अंडी आठवली.

गुरुवारी २८ नोव्हेंबर, महात्मा जोतीराव फुले यांचा स्मृतिदिन. १८९० साली याच दिवशी ते गेले. चौथीच्या एका मुलीने मुक्ता साळवे साकारली. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या, मातंग समाजातल्या या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, हे आपल्या घरोघरी ठाऊक असायला हवे. आईचे लुगडे दुमडून नेसलेली ती छोटी मुक्ता बोलायला लागली आणि तिची आई, जी रोजंदारी सोडून पडवीत येऊन बसली होती, पदराने डोळे टिपू लागली.

गुरुजींनी मुलांना समजेल अशा शब्दांत १८८२ सालची गोष्ट सांगितली. हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. सरकारी तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्यांच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी बजावले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ते करून दाखवले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड होता. "आता दंड कोणाला करायचा?" गुरुजींनी हसत विचारले. पालकांतले कोणी हसले नाही.

शुक्रवार: एक प्रश्न

शुक्रवारी दुपारी पालकसभा होती. विषय साधा, पुढच्या जूनमध्ये पट किती राहील. २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आणला. अशा शाळा राज्यात १४ हजार ७८३ आणि त्यांत शिकणारी मुले १ लाख ८५ हजारांच्या वर, असे आकडे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. शाळा बंद करणार नाही असे शासन सांगते. पण गावातली शाळा उठून चार कोसांवर गेली, तर सहा वर्षांची मुलगी तिथे रोज जाईल कशी? मुलगा जाईल. मुलगी घरात लहान भावंडे सांभाळेल. म्हणून वीस हा आकडा आता गावागावांत धाक झाला आहे.

गुरुजी हिशेब मांडत होते. चौथीची पाच मुले जूनमध्ये जाणार, पहिलीला चार येणार. म्हणजे वीस राहतील.

तेवढ्यात मागून एक तरुण उभा राहिला. आपल्याच समाजाचा. कुर्डुवाडीत भाड्याचा टेम्पो चालवतो. त्याची मुलगी तिसरीला, मुलगा पहिलीला. तो म्हणाला, "गुरुजी, माझी दोन धरू नका. जूनपासून मी दोघांना व्हॅनमधनं पाठवणार हाय."

वीसाचे अठरा झाले. सभा गप्प झाली.

आम्हाला वाटले, हीच आपली वेळ. कारकून उठला आणि बोलला. मातृभाषेचे महत्त्व सांगितले. याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण दिले. तिथे गोठ्याशेजारच्या खोलीत वर्ग भरत असे. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोडची पुस्तके केली, ती कल्पना पुढे राज्याने घेतली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्या तालुक्यात हे होते, तर आपल्या गावात का नाही?

त्या तरुणाने सगळे ऐकून घेतले. आवाज न चढवता त्याने विचारले, "साहेब, तुमचं समदं बरोबर. एकच सांगा. तुमची लेकरं कुठं शिकत्यात?"

वाचकहो, त्या पडवीत आम्ही तिघे होतो. कारकुनाची दोन्ही मुले पुण्यात इंग्रजी माध्यमात. ताईंची नात इंग्रजी माध्यमात. आबांचा नातू इंग्रजी माध्यमात. तिघांपैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. मंगळवारी ज्या तोंडाने हक्क आणि कायदा सांगितला, ते तोंड शुक्रवारी उघडेना.

शेवटी ताई बोलल्या. म्हणाल्या, "बाळा, आमची लेकरं इंग्रजी शाळेत आहेत. आम्ही तुला सांगायला लायक नाही. आम्ही शहरात गेलो आणि सरकारी शाळा सोडली. आमच्यासारखे सगळे सोडून गेले म्हणून ती बापुडी झाली. पण एवढं सांग, व्हॅनचा खर्च झेपेल का?"

तो म्हणाला, फी वर्षाला अठरा हजार, व्हॅनचे महिन्याला सातशे रुपये एकाचे. टेम्पो मालकाचा आहे. "पर इंग्रजी आलं न्हाई तर पोरगं माझ्यासारखंच क्लीनर होऊन ड्रायव्हर हुईल. ते नको मला." यात चूक काय? बाबासाहेब सातासमुद्रापार जाऊन शिकले, तेव्हा आपल्या लेकराने इंग्रजी शिकावे असे आपल्या माणसाला वाटणारच.

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "इंग्रजी तर आपल्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. ते नीट येत नसेल तर मला धरा. उद्या बाजार आहे. तू ये आणि पोरीला काय येतं ते स्वतः बघ. मग ठरव."

शनिवार: बाजार भरला

शनिवारी दप्तर नसते. पहिली ते आठवीसाठी शासनाने २०२४ पासून आनंददायी शनिवार सुरू केला आहे. त्या निमित्ताने बाईंनी शाळेच्या अंगणात मुलांचा बाजार भरवला. पोत्यांवर मेथी, कोथिंबीर, वांगी, बोरे, शेंगा, कोणाच्या आईने केलेले चिवड्याचे पुडे. ऊसतोडीच्या मुलांनी उसाची कांडकी मांडली. प्रत्येकाने पाटीवर मराठीत आणि इंग्रजीत मालाचे नाव आणि भाव लिहायचा, विक्रीचा हिशेब वहीत ठेवायचा, हा नियम.

सारा गाव लोटला. व्हॅनची मुले त्या दिवशी सुट्टीवर होती. तीही आली आणि आपल्यालाही दुकान लावू द्या म्हणून हट्ट धरू लागली.

टेम्पोवाला तरुण उशिरा आला. मुलीच्या पोत्यापाशी उभा राहिला. दोन जुड्या मेथी, पाव किलो शेंगा, एक चिवडा असे घेतले आणि दोनशेची नोट पुढे केली. मुलीने वहीत मांडले, बेरीज केली, उरलेले पैसे मोजून हातावर ठेवले. त्याने एक चिवड्याचा पुडा हळूच आणखी उचलला. ती म्हणाली, "पप्पा, त्याचे दहा रुपये. उधार बंद." सगळे हसले. तोही हसला. मग त्याने तिच्या पाटीवरची इंग्रजी अक्षरे बोट ठेवून वाचायला सांगितली. तिने वाचली. एक शब्द चुकला, तो शेजारच्या मुलाने सुधारला. बाप काही बोलला नाही. पण बाजार उठेपर्यंत तिथून हललाही नाही.

दुपारी शाळा व्यवस्थापन समितीची एक रिकामी जागा भरायची होती. वाचकांनी हे लक्षात ठेवावे की कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणे, आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहणे, हे तिचे काम. आपली माणसे ही समिती म्हणजे सहीपुरती समजतात आणि बोलावल्यावर रोजगार बुडतो म्हणून जात नाहीत. गुरुजींनी विचारले, कोण बसणार? बराच वेळ कोणी हात वर केला नाही. मग टेम्पोवाल्याच्या बायकोने केला. नवऱ्याने वळून तिच्याकडे पाहिले. तिने हात खाली घेतला नाही.

परतीची गाडी

रविवारी सकाळी समाजमंदिरात वंदना झाली. आम्ही सामान बांधले. आबांची पिशवी मात्र खुंटीलाच होती. म्हणाले, "मी मागं राहतो. घरी पेन्शन येतंय, पुण्यात मी काय करतोय? संध्याकाळी समाजमंदिर मोकळंच असतं. लाइट हाय. पोरं अभ्यासाला बसतील, मी राखण करतो." ताई म्हणाल्या, "आबा, तुमची चौथी झालेली. शिकवणार काय?" आबा म्हणाले, "शिकवंल तिकडं गुरुजी. मी फक्त म्हणणार, वाच मोठ्यानं, मला ऐकू येत न्हाई."

कुर्डुवाडीच्या फलाटावरून गाडीत चढलो ते आम्ही दोघेच. खोकी रिकामी झाली होती. तीन खोकी पुस्तके देऊन आपण शाळेवर उपकार केले, या समजुतीतून आम्ही बाहेर पडलो होतो. शाळेला पुस्तके हवी आहेत, पण त्याआधी माणसे हवी आहेत. मुलाला त्या रांगेत बसवणारी, समितीत हात वर करणारी, संध्याकाळी दिव्याखाली सोबत बसणारी.

जून २०२५ मध्ये शाळा उघडल्यावर आबांचा फोन आला. टेम्पोवाला मुलाला तेवढे इंग्रजी शाळेत घालणार होता. पोरगी काय, राहील गावात. त्यावर त्याची बायको म्हणाली, "जातील तर दोघं, न्हाईतर कोणच न्हाई." घरात आठ दिवस अबोला झाला. शेवटी दोघेही शाळेतच राहिली. पाच गेली, चार आली. पट बरोबर वीस. आबांच्या अभ्यासिकेत तेव्हा अकरा मुले येत होती, त्यांत व्हॅनची दोन. आम्ही फोनवर टाळ्या वाजवल्या. आबा म्हणाले, "टाळ्या नका वाजवू. पुढल्या जूनला परत मोजायचंय."

म्हणून वाचक बंधु-भगिनींना आमची विनंती आहे. तुम्ही मुंबईत असा, पुण्यात असा, सुट्टीत गावी जालच. जत्रेला, लग्नाला जाता तसे एक दिवस आपल्या गावच्या शाळेत जा. हजेरीपट बघायला मागा. व्यवस्थापन समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे ते विचारा. कोणी नसेल तर का नाही ते विचारा. जमल्यास एक दिवस नव्हे, आठवडाभर राहा. आमची मुले कुठे शिकतात, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून देता आलेले नाही. पण दर दोन महिन्यांनी आमच्या विहारातले कोणीतरी आता त्या गावी जाते आणि आठवडाभर राहते. सध्या इतकेच आमच्या हातून होते आहे.

जयभीम! जय बुद्ध!